मे महिना, झायलिन आणि केळीची मुळी

भुसावळकडचा उन्हाळा आणि झायलिन (स्लाइडवरचा डिंक विरघळवणारा द्रव) यांचं जमत नाही. तिशीच्या आसपास तापमान गेलं की झायलिनची वाफ पेट घेण्याजोगी होते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. म्हणून बॉटनीच्या जुन्या स्लाइड्स उघडायचं, म्हणजे वरची पातळ काच (कव्हरस्लिप) सोडवून आतला छेद नव्यानं बसवायचं काम मी भल्या सकाळी, खिडक्या सताड उघडून करतो. बर्नर, स्पिरिटचा दिवा आसपास नको. काही जण घाईपोटी स्लाइड खालून शेकतात. आपल्या भागात तरी हा उद्योग कोणी करू नये.

आता या उघडायच्याच कशाला? काच चिकटवायचा डिंक, म्हणजे डीपीएक्स, आकसून कडेनं हवा आत शिरलीय, आणि त्याहून जुन्या, कॅनडा बाल्सम या झाडाच्या राळेनं बसवलेल्या, पार पिवळ्या पडल्यात. नव्या विकत मिळतात, नाही असं नाही. पण त्या सेटमध्ये आपले मका आणि सूर्यफूल. केळीच्या मुळीचा टी.एस. (आडवा छेद) आमच्या जुन्या सरांनी सावद्याच्या मळ्यातून मुळी आणून साध्या ब्लेडनं कापला होता. रावेर-यावलच्या पोरांना केळी दाखवायची नाही तर काय दाखवायचं?

पण गोम इथेच आहे. मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, कापलेला छेद अल्ब्युमिननं (अंड्याच्या पांढऱ्यानं) काचेला चिकटवलेला असतो, तो कॉपलिन जारमध्ये, म्हणजे स्लाइड्स उभ्या ठेवायच्या बरणीत, उभा सोडला तरी चालतो. हातानं कापलेला छेद मात्र फक्त डीपीएक्सच्या जोरावर बसलेला असतो. डीपीएक्स विरघळला की तोही सुटतो. म्हणून अशी स्लाइड पेट्री डिशमध्ये आडवी ठेवायची, झायलिन ओतायचं, वर झाकण. डिश काचेचीच हवी. प्लॅस्टिकची घेतलीत तर आधी डिशच विरघळेल. त्याआधी डायमंड पेन्सिलनं स्लाइडच्या टोकाला नंबर कोरून घ्या, कारण मार्कर आणि बॉलपेन झायलिनमध्ये धुऊन जातात.

मग वाट बघायची. एखादी दुसऱ्या दिवशी सुटते, एखादी आठवडा खाते. आमचे शिपाईभाऊ रोज विचारतात, "काय भो, निघाली का नाही अजून ती काच?" डिश हलकेच तिरपी करून बघायचं. वेळ झाली असेल तर कव्हरस्लिप आपसूक घसरते, खाली एक तेलकट रेघ सोडत. घसरली नाही तर परत झाकण. ब्लेड घालून उचकटायची नाही, छेदाचा चुरा होतो. सुटलेला छेद मऊ ब्रशवर घ्यायचा, ताज्या झायलिनमधून काढायचा आणि ओला असतानाच डीपीएक्सच्या थेंबावर ठेवून नवी काच एका कडेनं सावकाश टेकवायची. छेदाचे सॅफ्रानिन-फास्ट ग्रीन हे रंग फिके पडले असतील तर उलट्या वाटेनं अल्कोहोलमधून पाण्यापर्यंत जाऊन पुन्हा रंगवता येतं. ग्लिसरीन जेलीच्या स्लाइडला यातलं काही लागू नाही. तिला कोमट पाणी पुरतं.

वापरलेलं झायलिन बेसिनमध्ये ओतू नका. त्याची वेगळी काचेची बाटली ठेवा.

नव्यानं बसवलेल्या स्लाइड्स दोन-तीन आठवडे ट्रेमध्ये आडव्याच. ओल्या डीपीएक्सवर स्लाइड उभी केली की काच खाली सरकते. मग डबा असा ठेवायचा की आतल्या स्लाइड्स आडव्या राहतील, आणि कपाट बंद, कारण उजेडानं रंग उडतो. आमचं कपाट आधी पश्चिमेच्या भिंतीला होतं, दुपारनंतर हात लावला तरी चटका बसायचा. त्यात आता झाडू आणि फडकी असतात.