आमची वाटचाल: टाइलच्या मागचं काम

पुण्यात जुना फ्लॅट विकायला काढायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती किचनच्या ट्रॉल्यांची, आणि दुसरी हॉलमधल्या पीओपीची. कुठे खर्च केला तर तो वसूल होईल, हे विचारायला लोक आमच्याकडे येतात तेव्हा या दोन गोष्टी त्यांनी बहुतेक ठरवूनच आणलेल्या असतात. आम्ही म्हणतो, आधी बाथरूम बघू द्या. बऱ्याच जणांचा चेहरा तिथेच पडतो.

आमची घरदुरुस्तीची फर्म छोटी आहे. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून एका बिल्डरकडे साइट सुपरवायझर होते. २००८ च्या मंदीत साइट थंडावली. माझे मामा तेव्हा कोथरूड-कर्वेनगर भागात प्लंबिंगची कामं घेत होते. त्यांच्या हाताखाली दोन मुलं, एक जुनी मोटरसायकल आणि अर्ध्या कोथरूडच्या पाण्याच्या लायनी तोंडपाठ. २००९ मध्ये मी त्यांच्यासोबत काम सुरू केलं. हिशोब, मोजमापं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं माझ्याकडे, पाणी मामांकडे. आजही साधारण तसंच आहे, फक्त मामा आता जिने चढताना कुरकुर करतात.

सुरुवातीची कामं आली ती इस्टेट एजंटांकडून. "ताई, पार्टी मिळायच्या आत फ्लॅट चकाचक करून द्या." चकाचक म्हणजे जुन्या मोझॅकवर व्हिट्रिफाइड टाइल, भिंतींना पुट्टी आणि रंग, हॉलला पीओपी, कडप्प्याच्या जागी ग्रॅनाइटचा ओटा आणि खाली ट्रॉल्या. फ्लॅट विकला जायचा. मग काही महिन्यांनी सोसायटीच्या वॉचमनकडून नंबर घेऊन नवे मालक आम्हालाच फोन करायचे: ट्रॉल्या काढायच्या आहेत, वॉर्डरोब नकोत, सनमायकाचा रंग आवडला नाही. आम्हीच लावलेलं आम्हीच काढायचं आणि दोन्ही वेळा पैसे घ्यायचे. धंदा म्हणून तक्रारीला जागा नव्हती. पण विकणाऱ्याने ज्या वस्तूंवर सगळ्यात जास्त खर्च केला होता, त्याच वस्तू घेणारा सगळ्यात आधी उखडत होता, हे डोळ्यांना दिसत होतं.

काम चालू असताना फ्लॅट बघायला माणसं यायची, तेव्हा मी मुद्दाम जवळपास राहायचे. बघणारे पीओपीकडे एक नजर टाकून पुढे जायचे. थांबायचे कुठे? नळ सोडून धार बघायचे. बाथरूममध्ये मान वर करून छताला डाग आहे का बघायचे. कपाटामागच्या कोपऱ्यात हात लावायचे. मग प्रश्न: लिफ्ट आहे का, पार्किंग कव्हर्ड की ओपन, कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर झालीय का. भाव पाडायला ते जी कारणं सांगायचे ती याच यादीतली असायची. बेडरूमच्या भिंतीवर ताटाएवढी ओल असेल, तर ती काढायचा खरा खर्च बहुतेक वेळा काही हजारांतच असतो. घेणारा मात्र त्या डागाकडे बोट दाखवून लाखांत कमी करा म्हणतो, कारण ओल कुठून येते ते त्याला माहीत नसतं आणि त्या भीतीचीही तो किंमत लावतो.

इथून आमची कामाची पद्धत बदलत गेली. भाव ठरतो तो भाग, मजला, पार्किंग, इमारतीचं वय आणि कागदपत्रं यांच्यावर. घरातल्या दुरुस्तीने तो फारसा चढत नाही. दुरुस्ती भाव पडू देत नाही, एवढंच तिचं काम. म्हणून विकायच्या घरात आधी ती कामं, ज्यांच्यामुळे समोरच्याला घासाघीस करायचं कारण मिळतं. ती बहुतेक टाइलच्या मागे असतात.

कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी या भागांत ऐंशीच्या दशकात आणि नव्वदच्या सुरुवातीला उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारती घ्या. पाण्याच्या लायनी जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांच्या. पंचवीस-तीस वर्षांत पाइप आतून गंजतो, क्षार धरतो, आणि इंचाच्या पाइपात बोट जाईल एवढीच वाट उरते. टाकी भरलेली असून शॉवरला धार नसते ती यामुळे. आम्ही ती लाइन काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणारे प्लास्टिकचे पाइप टाकतो आणि भिंत बंद करायच्या आधी प्रेशर टेस्ट घेतो. ड्रेनेजचे पाइप बिडाचे, त्यांचे सांधे सुटलेले, नहाणी ट्रॅपभोवती, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडाभोवती फट. बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्या खोलगट भागातला जुना कोबा वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसलेला असतो; वरून कितीही महाग टाइल लावा, खालच्यांच्या छताला डाग येणारच. तो सगळा भराव काढायचा, वॉटरप्रूफिंग करायचं, विटांच्या तुकड्यांचा नवा ब्रिकबॅट कोबा घालायचा, ढाळ ट्रॅपकडे नीट द्यायचा आणि दोन-तीन दिवस पाणी तुंबवून ठेवायचं. मग खालच्या काकूंची बेल वाजवून त्यांच्या बाथरूमचं छत बघून यायचं. मामा ही शेवटची पायरी कुणालाही टाळू देत नाहीत. चहा मिळतो हेही एक कारण असेल.

विजेचंही तसंच. दाराजवळ जुन्या किटकॅट फ्यूजचा (तार घालायच्या चिनी मातीच्या फ्यूजचा) लाकडी बोर्ड, अर्थिंग नावापुरतं, आणि त्यावर गीझर, मायक्रोवेव्ह, दोन एसी. आम्ही तांब्याची नवी वायर ओढतो: दिव्यांना दीड स्क्वेअर एमएम, साध्या प्लगना अडीच, एसी-गीझरला चार. डिस्ट्रिब्यूशन बोर्डात प्रत्येक सर्किटला वेगळा एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच) आणि सगळ्यांवर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). गरज असेल तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यायला सांगतो. हे काम झालेल्या घरात नवा माणूस कपडे घेऊन राहायला येऊ शकतो. न झालेल्या घरात त्याला रंगवलेल्या भिंती पुन्हा फोडाव्या लागतात, आणि हे त्याच्यासोबत आलेल्या इलेक्ट्रिशियनला बोर्ड बघूनच कळतं.

अडचण एकच होती: हे सगळं झाकलं जातं. टाइल लागल्यावर मागे नवा पाइप आहे की जुना, कोण सांगणार? म्हणून आम्ही प्रत्येक भिंत बंद करण्याआधी मोजायची टेप लावून फोटो काढायला लागलो. जमिनीपासून किती उंचीवर लाइन जाते, कोपऱ्यापासून किती आत वळते, वायरचा मेक कोणता, सगळं एका फाइलमध्ये. काम संपलं की फाइल मालकाच्या हातात. पुढे ड्रिल मारताना तिचा उपयोग होतोच, पण घर विकताना ती टेबलावर ठेवली की बोलणं बदलतं. पाइप बदललेत म्हणणारे पुष्कळ असतात. दाखवणारे थोडे.

त्यानंतरचा बदल म्हणजे पाहणीची फी. आधी आम्ही फुकट जाऊन एस्टिमेट द्यायचो, आणि फुकट एस्टिमेट देणाऱ्याला मोठं काम काढून दाखवण्याचा मोह होतोच. फी घेतल्यावर "हे करू नका" असं सांगायला आम्ही मोकळे झालो. काम मिळालं तर फी बिलातून वजा करतो.

पाहणीला गेल्यावर मी पहिला प्रश्न घराविषयी विचारत नाही, सोसायटीविषयी विचारते: रिडेव्हलपमेंटची चर्चा आहे का? डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे बांधकामाचे नवे नियम आले आणि कोथरूड-कर्वेनगरच्या जुन्या सोसायट्यांमध्ये बिल्डरांच्या बैठका वाढल्या. पुनर्विकासात नवी जागा ठरते ती जुन्या कार्पेट एरियावर. इटालियन मार्बल असलेल्या घराला आणि मोझॅक असलेल्या घराला तेवढंच. शेवटी दोन्ही जेसीबीखाली जातात. सर्वसाधारण सभेत विषय आलेला असेल तर आम्ही गळती थांबवतो, रंग देतो आणि परत येतो. या सल्ल्याने आमच्या मूळ भागातलं आमचंच काम घटलं, हे खरं. मग आम्ही सिंहगड रोड, वारजे, बावधनकडच्या २००० नंतरच्या इमारतींकडे वळलो. तिथे जीआय कमी, पण खिडक्यांच्या सिलखालून पावसाचं पाणी आत येण्याची तऱ्हा प्रत्येक इमारतीची वेगळी.

काही गोष्टी घराच्या आत करताच येत नाहीत. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, याला कुठल्याही टाइलचा उतारा नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, लिफ्ट, स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) आणि बिल्डर दाद देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरण (त्याच्याशिवाय करून घेतलेलं कन्व्हेयन्स), ही कामं सोसायटीने करायची. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. मी लोकांना सांगते, हॉलच्या सीलिंगवर घालवणार ती ताकद सोसायटीच्या मीटिंगमध्ये घालवा. ऐकणारे कमीच.

उलटा परिणाम करणारी कामंही असतात. टेरेस बंद करून केलेली खोली, पाडलेली भिंत, बाल्कनीत नेलेलं किचन. घेणाऱ्याच्या बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, मंजूर नकाशा हातात घेऊन येतो आणि जुळत नसेल तर कर्ज अडतं. अर्ध्या विटेची आतली भिंत कॉलम-बीमवर उभ्या आरसीसी इमारतीत इंजिनिअरला दाखवून काढता येते. पेठेतल्या लोड बेअरिंग, म्हणजे भिंतींवरच भार असलेल्या इमारतीत तिला हात लावायचा नाही. ओपन किचनची मागणी अधूनमधून येते. रोज फोडणी होणाऱ्या घरात ते किती दिवस आवडतं, हा प्रश्न मी विचारून ठेवते. वास्तूवर आमचं मत विचारू नये, पण ईशान्येला नवं टॉयलेट काढू नका एवढं मी सांगते. माझा विश्वास असो-नसो, बघायला येणाऱ्यांपैकी काही जण तेवढ्यावरून परत जातात.

भाड्याच्या घराचं गणित वेगळं, आणि सोपं. समजा दीड लाख खर्च केले आणि भाडं महिन्याला ३,००० रुपयांनी वाढलं, तर पैसे सुटायला ५० महिने लागतात. पण २२,००० रुपये भाड्याचं घर दोन महिने रिकामं राहिलं की ४४,००० गेलेच. म्हणून भाड्यासाठी आम्ही घर लवकर जाईल आणि भाडेकरूचे फोन येणार नाहीत, एवढंच बघतो: वेस्टर्न कमोड, चालणारा गीझर, खिडकीला तीन ट्रॅक आणि त्यातला एक जाळीचा, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनचा पॉइंट, धुता येणारा रंग. फिक्स फर्निचर कमीत कमी. ओट्याखालच्या कपाटांना प्लाय वापरायचाच तर बीडब्ल्यूपी ग्रेडचा, म्हणजे पाण्यात न सुटणारा, आयएस ७१० वाला. पार्टिकल बोर्ड सिंकखाली टिकत नाही.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा बिनबिलाचं काम मागणारी काही गिऱ्हाइकं गेली. आम्ही पक्क्या बिलावर राहिलो, आणि त्याचा फायदा गिऱ्हाइकालाच झाला. घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशोबात सुधारणेचा खर्च धरता येतो, पण तो भांडवली स्वरूपाचा हवा आणि बिलं हवीत. नुसता रंग त्यात बसत नाही. नवी प्लंबिंग लाइन बसण्याची शक्यता बरीच. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता. त्याआधी घेतलेल्या घराला इंडेक्सेशनसह २० टक्क्यांशी तुलना करून कमी तो कर भरता येतो, मात्र ही सोय करासाठी भारताच्या निवासी ठरणाऱ्या व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना आहे. न्यू जर्सीतल्या, म्हणजे अनिवासी मुलाच्या नावावरचा फ्लॅट आई-बाबा विकायला काढतात तेव्हा हे ऐकून त्यांना धक्का बसतो. मी फक्त बिलांची फाइल देते आणि सीएकडे पाठवते. रेडी रेकनरला, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार ठरवतं त्या दरपत्रकाला, तर घराच्या आतलं काही दिसतच नाही. तो भाग, क्षेत्रफळ आणि इमारतीचं वय बघतो.

अलीकडे एक काम वाढलंय, ज्याने विक्रीच्या किमतीत रुपयाचीही भर पडत नाही: एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांची बाथरूम. घसरणार नाही अशी मॅट टाइल, कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा, उंबरा काढून सपाट दार, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा. याचा हिशोब विचारणाऱ्या मुलांना मी सांगते, हा खर्च विक्रीच्या यादीत लिहू नका, आईच्या नावावर लिहा. हे काम मामा स्वतः करतात.

नवीन येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी एक सूचना. पाहणी शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये ठेवा. भर पावसात ओल खरी कुठे आहे ते दिसतं. एप्रिलमध्ये प्रत्येक भिंत कोरडी असते आणि प्रत्येक मालक निर्धास्त. बाहेरच्या भिंतींची कामं आम्ही पाऊस थांबल्याशिवाय घेत नाही. गणपतीच्या आधी पूर्ण घर करून द्या म्हणून जूनमध्ये येणाऱ्यांना नाही म्हणतो. दिवाळीपूर्वी हवं असेल तर ऑगस्टअखेर टाइल ठरलेली पाहिजे, कारण गुजरातमधल्या मोरबीहून, टाइलच्या कारखान्यांच्या गावाहून, हवा तो शेड यायला वेळ लागतो, आणि शेवटच्या चार पेट्या नेहमी वेगळ्या बॅचच्या निघतात.