13 माणसं, आत्याचे गुडघे आणि नागावचा बंगला

भाऊबीज झाली की सगळ्यांनी दोन रात्री कुठेतरी जायचं हे आमच्या फॅमिली ग्रुपवर गणपतीपासून चाललेलं आणि नेहमीप्रमाणे बुकिंगचं गाढव काम माझ्या गळ्यात. आई-बाबा, आत्या, आम्ही चौघं, दादा-वहिनी आणि पुतणी, बहिणीचे तिघं, अशी 13 डोकी. हॉटेलात पाच खोल्या घेऊन प्रत्येकजण आपापल्या टीव्हीसमोर बसणार त्यापेक्षा अलिबागकडे अख्खा बंगला घेऊ म्हटलं.

पहिला बंगला फोटोत काय सुंदर हो, स्विमिंग पूल, झोपाळा, मागे नारळाची वाडी. चार बेडरूम लिहिलेलं. आत्याच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय म्हणून सहज विचारलं खाली किती खोल्या आहेत, तर खाली फक्त हॉल आणि एक इंडियन टॉयलेट, चारही बेडरूम वर! कॅन्सल. तेव्हापासून मी फोन लावला की आधी तळमजल्यावर बेडरूम आणि त्याला लागून कमोड आहे का एवढंच विचारायचे, नसेल तर थँक्यू म्हणून फोन खाली, निम्मी यादी तिथेच संपली.

दुसरा किहीमचा. रेट इतका कमी की नवरा म्हणाला लगेच घे. समोरचा माणूस म्हणे दुसरी पार्टी रेडी आहे, तासाभरात फुल पेमेंट टाका. मी म्हटलं व्हिडिओ कॉलवर घर दाखवा, तर नेटवर्क नाही. (व्हॉट्सॲपवर धडाधड मेसेज करायला मात्र नेटवर्क होतं.) पुतणीने ते फोटो गुगल लेन्सवर टाकले आणि तोच बंगला गोव्याच्या एका व्हिलाच्या नावाने निघाला. आणि यूपीआयवर नाव भलत्याचंच येत होतं. थोडक्यात वाचलो.

शेवटी नागावचा मिळाला, ओळखीतले आधी राहून आले होते म्हणून. रात्रीचे 24 हजार, अर्धे ॲडव्हान्स, वर 10 हजार डिपॉझिट. पाच वर्षांवरचं मूल म्हणजे फुल हेड आणि 12 च्या वर प्रत्येक डोक्याला जादा पैसे, हे जाहिरातीत कुठेच नव्हतं, विचारल्यावर कळलं. भाचा चार वर्षांचा, म्हणून आम्ही बरोब्बर 12 मध्ये बसलो. पण त्याच भाच्यामुळे पूलची खोली विचारली तर साडेचार फूट आणि कुंपण नाही, मग केअरटेकर दादांशी बोलून पूलकडे उघडणाऱ्या दाराला वरची कडी आहे ना हे पक्कं करून घेतलं.

सगळ्यात जास्त बोलणं जेवणावर झालं. आत्याचा चातुर्मास, कार्तिकी एकादशी अजून आठवडाभर लांब, म्हणजे कांदा-लसूण नाही. आणि बाकीचे सगळे सुरमईसाठीच निघालेले. स्वयंपाकाला येणाऱ्या काकूंशी मी स्वतः फोनवर बोलले, त्या म्हणाल्या ताई काळजी नको, आजींचं सकाळी आधी करून ठेवते मग मासळी घेते हातात. मासळीचा भाव त्या दिवशीच्या बाजारावर, थाळीचा फिक्स. तरी आत्याने आपली कढई आणि दोन पातेली सोबत घेतलीच.

जाताना आत्याला खड्डे नकोत म्हणून एक गाडी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाडीसकट नेणाऱ्या बोटीने, मांडव्याला, तासाभरात पोचलो. दादा मात्र 'बोटीला कशाला पैसे' म्हणून रस्त्याने आला आणि वडखळपासून त्याचे वैतागलेले व्हॉइस मेसेज सुरू. सुट्टीत जाणार असाल तर रो-रोचं गाडीचं तिकीट घराबरोबरच काढा, आम्हाला सकाळची मिळाली नाही, दुपारची घ्यावी लागली.

आणि एवढं सगळं विचारून दोन गोष्टी राहिल्याच. रात्री लाईट गेली, इन्व्हर्टर होता पण त्यावर फक्त पंखे, एसी नाही. आणि पाणी बोअरचं, मचूळ. प्यायला जार ठेवलेले पण आत्याची डाळ आईने नळाच्या पाण्यात लावली, ती चार शिट्ट्या, सहा शिट्ट्या, शिजेचना. काकू आल्या आणि हसत म्हणाल्या, अहो डाळीला जारचंच पाणी घालायचं. दुसऱ्या दिवशी मीच जार संपवले म्हणून नवरा ओरडला, जादा जारचे पैसे वेगळे.

ओहोटीची वेळ केअरटेकर दादांनी सांगितली म्हणून पोरं अलिबागच्या किनाऱ्यावरून समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाऊन आली. आम्ही बायका झोपाळ्यावर. खरं सांगू, तेवढ्यासाठीच सगळा खटाटोप होता.

चेकआऊट अकराचा. आल्या आल्या बहिणीने घरभर फिरून मोबाईलवर व्हिडिओ काढला होता तेव्हा मी तिला हसले होते, पण निघताना वरच्या बाथरूमच्या बेसिनचा तडा आमच्यावर यायला लागला तेव्हा तोच व्हिडिओ दाखवला, तडा आधीपासूनचा. तीन दिवसांनी डिपॉझिट आलं, साडेनऊ हजार. पाचशे काचेच्या जगचे कापले. तो भाच्याने खरंच फोडला होता.