अकराव्या पेल्यात जांभळा उतरला

मंडळी, जमलं. काल रात्री पावणेअकराच्या सुमाराला ओट्यावरच्या अकराव्या पेल्यातल्या कैरीच्या पाण्यात वरून गोकर्णाच्या फुलांचं निळं पाणी सोडलं आणि खाली उतरता उतरता ते जांभळं झालं. स्वच्छ जांभळं. पेल्यापलीकडच्या डब्यावरची फुलांची नक्षी आरपार दिसत होती. मागच्या दोन नोंदींत ज्या शेवाळी पाण्याची रड मी तुम्हाला सांगितली, त्याचा मागमूस नव्हता. सासूबाई झोपल्या होत्या, त्यांना उठवून दाखवलं.

चैत्रगौर तृतीयेला झोपाळ्यात बसली, अक्षय्य तृतीयेपर्यंत बसेल. हळदीकुंकू पुढच्या शुक्रवारी, साधारण २५ जणी. ताटात आणि पेल्यात जो हिरवा आणि रंगीत ऐवज दिसेल तो गच्चीवरचाच, हे यंदाचं ठरलेलं. डाळ, खोबरं, कलिंगड विकतचं. बाकी पाला आणि फुलं आपली.

आता त्या रंगाबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझे तीन आठवडे त्यातच गेले.

गोकर्णाचा निळा आंबटात जांभळा होतो हे आपल्यात सगळ्यांनाच ठाऊक आहे. लिंबू पिळून हा खेळ गेल्या श्रावणात मीही केला होता. पण चैत्रात घरात कैरी असताना लिंबू कशाला? म्हणून गोकर्ण आणि पन्हं एकत्र आणायचं डोक्यात बसलं. पहिले तीन पेले गुळाने घालवले. आमच्याकडे गूळ काळसर, सेंद्रिय. त्याचं पन्हं तांबूस आणि गढूळ. त्यात निळं पाणी सोडलं की पावसाळी डबक्यासारखा रंग. गूळ कमी केला, तरी तेच. चौथ्या पेल्याला साखर घातली आणि सासूबाईंची नाराजी ओढवून घेतली. "अगं, गूळ नाही घातला तर ते पन्हं होतंय काय?" त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. चैत्रगौरीच्या पन्ह्यात गूळच हवा, मलाही तसंच वाटतं. पण रंगासाठी साखर हवीच होती, आणि तरीही चौथा पेला मळकटच निघाला. कारण उकडलेल्या कैरीचा गर मुळात पिवळा. जांभळ्यात पिवळा मिसळला की मातकट होणारच. शाळेतल्या रंगपेटीत हे कितीदा केलंय, इथे लक्षात यायला चार पेले लागले.

मग गर सोडून नुसतं पाणी काढायचं ठरवलं. कच्ची कैरी किसायची, मीठ चोळायचं, अर्ध्या तासाने मलमलीतून पिळायची. पाचव्या आणि सहाव्या पेल्याला हे पाणी राखाडी आलं. विळी आजेसासूबाईंची, लोखंडी, आणि तिच्यावर कैरी किसली होती. कैरीतला तुरटपणा लोखंडाला लागला की काळपट येतो, चिरलेल्या कैरीच्या फोडींवर विळीचा डाग पडतो तोच हा प्रकार. स्टीलच्या किसणीवर किसलं आणि राखाडी गेलं. त्या विळीला मी काही वाईट म्हणणार नाही, नारळ खवायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण कैरी तिच्यावर किसू नका.

सातव्या पेल्यात केशर घातलं होतं, म्हणजे पुन्हा पिवळा. ते नोंदवून पुढे जाते.

आठव्या आणि नवव्या पेल्याने मात्र रडवलं. कैरीचं पाणी आता जवळजवळ नितळ होतं, तरी रंग थोडा मळका लागायचा. दोष कैरीत नव्हताच. गोकर्णाचं पाणी मिसळण्याआधीच हिरवट निळं दिसत होतं, मोरपिशी म्हणा हवं तर. मी ते बोअरच्या पाण्यात उकळत होते. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, भांड्याच्या तळाला पांढरा थर धरतं. असं पाणी उकळलं की त्यात विरलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पाणी आणखी अल्कधर्मी होतं, म्हणजे आंबटाच्या उलट. गोकर्णाचा निळा त्या बाजूला गेला की हिरवट होतो. शेजारी नळाच्या पाण्याची वाटी ठेवली. राकसकोप धरणाचं पाणी, न उकळता, त्यात पाच फुलं रात्रभर. सकाळी दोन्ही वाट्या खिडकीत धरल्या तर फरक लहान मुलालाही सांगता आला असता. एक मोरपिशी, दुसरी शाईसारखी निळी.

दहाव्या पेल्यात रंग खरा, पण वर दुधट धुकं. ते कैरीतलं पीठ, म्हणजे स्टार्च. कच्च्या कैरीत ते असतंच. पिळलेलं पाणी फ्रीजमध्ये रात्रभर हलवल्याशिवाय ठेवलं तर तळाला पांढरा साका बसतो. वरचं पाणी चमच्याने अलगद काढून घ्यायचं, ओतायचं नाही. ओतलं की साका उठतो. एक किलो कैरीचं पाणी, त्यात साखरेचा पाक, वेलदोडा कुटून पुरचुंडीत बांधून, चवीला मीठ. तो अकरावा पेला.

चव? पन्ह्याइतकी भरीव नाही. हलकी, तीक्ष्ण, उन्हातून आलेल्या माणसाला आवडेल अशी. म्हणून गुळाचं पन्हं रद्द नाहीच. नैवेद्याला आणि वाटीवाटीने हातात द्यायला तेच, आणि हे सरबत डाळीबरोबर. सासूबाईंनाही हे पटलं.

फुलांचा हिशोब: एका पेल्याला चार तरी ताजी फुलं लागतात, म्हणजे २५ पेल्यांना १००. दोन वेल मिळून सध्या रोज १५ ते १८ फुलं देतात. सकाळी उमललेली संध्याकाळी मिटतात, म्हणून सकाळीच खुडायची, देठाची हिरवी टोपी काढायची, सावलीत पसरायची. आठ दिवसांत सव्वाशेच्या आसपास जमतील. मागे कुणीतरी शेणखत वाढवायचा सल्ला दिला होता. गोकर्ण शेंगवर्गीय, हवेतला नत्र स्वतःच्या मुळांवरच्या गाठींत धरणारा वेल. त्याला नत्र जास्त दिला तर पानंच पानं येतात. मी फेब्रुवारीपासून खत बंद केलंय, फक्त लाल मातीवर वाळक्या पानांचं आच्छादन.

याच वेलाबद्दल एक तक्रार. तिसरा वेल मी मागवलेल्या बियांचा. पाकिटावर निळं फूल छापलेलं, वेलाला आली पांढरी. पांढऱ्या गोकर्णाला पूजेत मान आहे, पण पाण्याला रंग शून्य. दुकानाचं नाव लिहीत नाही. एवढंच सांगते की गोकर्णाचं बी ओळखीच्या माणसाच्या वेलावरून, फूल डोळ्यांनी बघूनच घ्यावं. माझ्या दोन चांगल्या वेलांचं बी खानापुरातल्या मावशीच्या कुंपणाचं आहे. बी कडक असतं, एक बाजू सँडपेपरवर दोनदा घासून रात्रभर भिजवायचं. घासलेली सगळी उगवली, न घासलेली निम्मी.

मधल्या आठवड्यात कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा आला. निपाणीकडच्या एका नातेवाईकाने प्रेमाने तंबाखूची भुकटी पाठवली, भिजवून फवार म्हणून. ती मी वापरली नाही आणि तुम्हीही खायच्या फुलांवर वापरू नका. निकोटीन विष आहे आणि आपण फूल पाण्यात भिजवून तेच पाणी पिणार आहोत. रोज सकाळी नळीने जोरात पाणी मारलं, दाट वस्तीचे शेंडे खुडून टाकले, पाच दिवसांत आटोक्यात आला.

फुलांवरून आणखी एक. बाजारातल्या गणपत गल्लीतून हार आणि गजरे आणतो ती फुलं देवाला आणि डोक्याला. त्यांच्यावर काय मारलंय ते आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे ती पेल्यात नकोत. आणि नुसत्या शोभेला ताटात कण्हेर, बिट्टी ठेवू नका. खायच्या ताटात ठेवलेलं फूल खायचंच असणार असं कुणीही धरून चालतं, लेकरं तर नक्कीच. ही दोन्ही झाडं विषारी आहेत. माझा नियम असा की ताटात फूल ठेवायचं तर खायचंच. गरोदर कुणी असेल तर तिला मी गोकर्ण आणि जास्वंद देत नाही, साधं पन्हं देते.

इथवर लिहिलं आणि वळीव आला. चार वाजता आभाळ भरलं, पाऊण तास झोडपून गेला. नेट बांधलेली होती म्हणून पुदिना वाचला. लाइट दीड तास गेली.

या दीड तासाने माझा बेत बदलला. खरं तर मी तुम्हाला हे सांगणार होते की शुक्रवारी निळे बर्फाचे खडे करणार, प्रत्येकात एक फूल. पेल्यात खडा टाकला की वितळता वितळता जांभळा पसरेल. पण हळदीकुंकू संध्याकाळी, वळवाची वेळही तीच आणि लाइट जायचीही. ५० खडे पाणी होऊन बसले तर? अंधारात बसल्या बसल्या दुसरं सुचलं: सब्जा. तो भिजला की प्रत्येक दाणा भोवतीचं पाणी धरून ठेवतो. ते पाणीच निळं असलं तर?

आपल्या गच्चीवरच्या सब्ज्याच्या मंजिऱ्या गेल्या महिन्यात चोळून, पाखडून डबाभर बी निघालं आहे. मेणबत्तीच्या उजेडात एक चमचा बी गोकर्णाच्या पाण्यात टाकलं. पंधरा मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती निळं कवच, मध्ये काळा ठिपका. लाइट आल्यावर त्यातला चमचाभर सब्जा कैरीच्या पाण्यात सोडला. दाणे बुडत गेले आणि कवचं कडेकडून जांभळी होत गेली, मधला ठिपका तसाच. दहा मिनिटांनी भोवतीच्या पाण्यालाही फिकट झाक आली. मंडळी, हे बर्फापेक्षा कितीतरी सुंदर आहे. चव आहे, थंडावा आहे आणि लाइटची गरज नाही. भिजवलेला निळा सब्जा वेगळ्या वाडग्यात ठेवायचा, पेले कैरीच्या पाण्याने भरायचे, आणि बाई समोर बसली की तिच्यासमोरच चमचा सोडायचा. गोकर्णाची फुलंही निम्मी लागतील असा अंदाज आहे. उद्या मोजून सांगते.

वळवाने आणखी एक दिलं. शेजारच्या अक्कांच्या आंब्याच्या कैऱ्या बदाबदा आमच्या गच्चीत आणि त्यांच्या अंगणात पडल्या. अक्का बादली घेऊन वर आल्या, निळा वाडगा बघून थबकल्या. "आमच्यात ह्याला शंखपुष्प म्हणतात. देवाला वाहतो की आम्ही. खातात काय?" पेला हातात दिला. रंग बदलताना त्यांनी तो दोनदा डोळ्यांसमोर धरला आणि मग प्यायल्या. पाडव्याला त्यांच्याच कडुनिंबाचा मोहोर आमच्याकडे आला होता. त्यांच्याकडे तो गुळाबरोबर बेवु-बेल्ल म्हणून, आमच्याकडे चिंच, गूळ, ओवा, हिंग, मिरे घालून चटणीसारखा. पडक्या कैऱ्यांना मार लागलेला असतो, त्या ठेवायच्या नाहीत. आजच किसून पाणी फ्रीजमध्ये ठेवलं आहे. शुक्रवारपर्यंत त्याचा रंग टिकतो का ते यातून कळेल.

बाकी गच्चीचं थोडक्यात. कोथिंबीर फुलावर गेली म्हणून मी हळहळले होते, आता आनंदच आहे. पांढरी फुलं आंबेडाळीवर भुरभुरली की कोथिंबिरीचाच वास पण मऊ, आणि ताटात दिसतातही छान. डाळ साडेचार तास भिजवून भरड वाटायची, फुलं फोडणी गार झाल्यावरच. पानओवा जोरात आहे, त्याची भजी आयत्या वेळी. पीठ पातळ ठेवा, पान दिसलं पाहिजे. मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी माठात टाकते, सकाळी काढते. माठाचं पाणी पाहुण्यांना दिल्यावर सरबताआधी तेच विचारलं जातं. गावठी गुलाबाचा गुलकंद अठरा दिवस उन्हात आहे, पाकळ्या आणि खडीसाखर समसमान. झाकणाला फडकं बांधलं आहे, वळवाच्या वेळी बरणी आत घ्यायला विसरू नका. नॅस्टर्शियम, ज्याची फुलं-पानं खातात तो, मात्र गेला. पारा ३५ वर गेल्यापासून तो तग धरत नाही, पुढच्या वर्षी ऑक्टोबरात पेरून संक्रांतीला खायचा.

साधनांत यंदा एकच नवी वस्तू, मलमलीचं मोठं फडकं. प्लास्टिकच्या बारीक गाळणीने साका थांबत नाही, मलमलीच्या दोन पदरांनी बराच थांबतो. धुतल्यावर साबणाचा अंश राहू देऊ नका, साबण अल्कधर्मी, पुन्हा हिरवट रंग. माझं एक वाटीभर पाणी असंच गेलं.

उद्या सकाळी सातला फुलं खुडायची. वळवाआधी वेलावर उद्याच्या २२ कळ्या मोजल्या होत्या. त्यातल्या किती उरल्या ते उजाडल्यावर बघते.