सोलापूरहून लोणार : पाण्याआधी काठ बघा

रस्ता सोलापूर, तुळजापूर, बीड, अंबड, जालना, मंठा, लोणार असा. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नका, मुक्काम करा. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली होती, ती दोन्ही वेळा कामी आली.

वाटभर सोबत असतो तो आपलाच काळा दगड. सोलापुरात विहीर खोदताना लागतो तोच बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. या खडकात अशनी आदळून झालेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत. चंद्र-मंगळावरच्या विवरांचे अभ्यासक लोणारला येतात ते म्हणूनच.

बहुतेक लोक वरून तळ्याचा फोटो काढतात आणि थेट खाली सुटतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी काठावरून चाला. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. लाव्ह्याचे थर एरवी आडवे असतात. इथे ते काठाशी उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेत, उमललेल्या फुलाच्या पाकळ्यांसारखे. काठाबाहेर जिथे जमीन कापली गेली आहे तिथे थांबा. मुठीएवढे, डोक्याएवढे धारदार दगड भुसभुशीत मातीत वेडेवाकडे रुतलेले दिसतील. आघाताने आतून उडालेला माल तो हाच. मी तिथून बराच वेळ हललो नाही.

हा ज्वालामुखी असावा असं पूर्वी अनेकांना वाटे. 1973 साली विवराच्या तळातल्या बोअरच्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट असल्याचं प्रसिद्ध झालं. हे म्हणजे आघाताच्या दाबाने काचेसारखं झालेलं फेल्डस्पार, बेसाल्टमधलं एक खनिज. ज्वालामुखीत एवढा दाब येत नाही, त्यामुळे वाद मिटला. वय मात्र पूर्वी पन्नास हजार वर्षं मानत. खडकातला आरगॉन वायू मोजून वय काढण्याच्या पद्धतीने ते 5 लाख 70 हजारांच्या घरात निघालं.

दगड बघायचे तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, पावसाळ्यानंतर झाडोरा सगळं झाकतो. सकाळी लवकर उतरा, पकड असलेले बूट घाला, पाणी भरपूर न्या. चढताना दम लागतो. तळ्याचं पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे, त्यात उतरू नका. एकही दगड खिशात टाकू नका, हे अभयारण्य आहे. गावातलं दैत्यसूदन मंदिर परतीच्या दिवशी ठेवा आणि बॅटरी न्या, छतावरचं कोरीवकाम अंधारात आहे.