सारायेव्हो : वेढा आणि पाणी

मोस्तारहून रेल्वेने निघालो आणि नेरेत्वा नदीच्या कडेकडेने दोन तासांत सारायेव्होला पोचलो. शेंगेनचा मल्टिपल एंट्री व्हिसा होता, त्यावरच बोस्नियात शिरता आलं. तिथलं चलन, मार्क, मात्र रोख जवळ हवं. बाश्चार्शियाच्या जुन्या बाजारात 'शेचेर' म्हणजे साखर, 'सापुन' म्हणजे साबण! तुर्कांच्या भाषेतून आलेले हे शब्द ऐकून परकेपणा निम्मा गळून गेला.

लॅटिन पुलाजवळ २८ जून १९१४ रोजी आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर गोळ्या झाडल्या गेल्या. शाळेत पाठ केलेली ही जागा पाहून दहा मिनिटांत पुढे निघालो. मला पाहायचा होता तो बोगदा.

बाश्चार्शियातून तीन नंबरच्या ट्रामने शेवटच्या थांब्यावर, इलिजाला उतरलो आणि पुढे टॅक्सी केली. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, जवळजवळ चार वर्षं शहराला बोस्नियन सर्ब फौजांचा वेढा होता. विमानतळ संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. उघड्या धावपट्टीवरून पलीकडच्या, वेढ्याबाहेरच्या भागात पळत जाणाऱ्यांवर गोळीबार होई. म्हणून १९९३ मध्ये तिच्याच खालून सुमारे आठशे मीटरचा बोगदा खणला गेला. त्यातून पीठ, औषधं, जखमी माणसं, शस्त्रं, सगळं जायचं. आता वीस-पंचवीस मीटरच खुला आहे. माझी उंची पावणेसहा फूट, छत त्याहून खाली. मान वाकवून तेवढं चाललो तरी पाठ भरून आली. पाठीवर पोतं घेऊन, घोटाभर पाण्यातून आठशे मीटर माणसं कशी गेली असतील?

संध्याकाळी घरमालकीणबाईंनी जेझवातून, म्हणजे लांब दांड्याच्या छोट्या भांड्यातून, कॉफी ओतली. त्या बोस्नियनमध्ये बोलत होत्या, मुलगी इंग्रजीत सांगत होती. नळ कोरडे पडल्यावर शहर बिअरच्या कारखान्यातल्या झऱ्यावर जगलं. तेव्हा वीस वर्षांच्या असलेल्या बाई कॅन घेऊन रांगेत उभ्या राहत. तोफगोळा पडायचा तो अशाच रांगांवर. मी मराठवाड्यातला. पाण्याची रांग मला नवी नाही, आईबरोबर टँकरमागे पळालोय. पण रांगेत उभं राहिलं म्हणून माणूस मरेल, ही भीती आम्हाला कधी शिवली नाही. हे मी त्यांना सांगितलं. बाईंनी नुसता माझ्या हातावर हात ठेवला.

रात्री न्हाणीघरात गेलो. नळाला पाणी धो धो होतं. कोपऱ्यात झाकणं घट्ट लावलेले दोन कॅन काठोकाठ भरून ठेवले होते.