कॉमिक्समधल्या नायिका आणि त्यांची काढून घेतलेली ताकद

अमेरिकन कॉमिक्समधल्या स्त्री-सुपरहिरोंपैकी सर्वांत लोकप्रिय कोण, असा विषय निघाला की बहुधा एक यादी पुढे येते आणि तिच्यात पहिले नाव वंडर वुमनचे असते. त्या पहिल्या नावाबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्र चित्रपटांच्या कमाईवरून किंवा खेळण्यांच्या खपावरून केलेल्या यादीतून एखादे नाव किती घरांत पोहोचले एवढेच समजते. ते पात्र इतकी दशके का टिकले, हे समजत नाही. ही कॉमिक्स वाचताना मला एक गोष्ट वारंवार जाणवत आली आहे. ज्या नायिका आज सर्वांत ठळक मानल्या जातात, त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकीची शक्ती कधी ना कधी तिच्याच लेखकांनी काढून घेतली आहे, आणि त्यानंतर ती कोणामुळे व कशी उभी राहिली यावरच तिचे आजचे स्थान ठरले आहे.

वंडर वुमनच्या बाबतीत तर हा धोका तिच्या जन्मापासूनच कथेत लिहून ठेवलेला आहे. १९४१ च्या अखेरीस ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकात ती प्रथम दिसली. तिचे निर्माते विल्यम मोल्टन मार्स्टन हे मानसशास्त्रज्ञ होते. रक्तदाबातील बदलावरून खोटे बोलणे ओळखण्याच्या चाचणीवर त्यांनी काम केले होते, त्यामुळे वंडर वुमनच्या खरे बोलायला लावणाऱ्या दोराचा संबंध अनेक जण त्या संशोधनाशी जोडतात. मार्स्टन यांच्या घरात त्यांची पत्नी एलिझाबेथ हॉलोवे आणि सहचारिणी ऑलिव्ह बर्न अशा दोन स्त्रिया एकत्र राहत होत्या. ऑलिव्ह ही संततिनियमनाच्या चळवळीतील मार्गारेट सँगर यांची भाची. तिच्या हातातल्या रुंद कड्यांवरूनच नायिकेची कडी सुचली. पहिले चित्रकार एच. जी. पीटर यांनी तरुणपणी स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूने व्यंगचित्रे काढली होती, आणि त्या चळवळीच्या चित्रांतील साखळदंड मार्स्टन यांच्या कथांत सतत येतात. कथेतला नियम असा, की एखाद्या पुरुषाने तिची दोन्ही कडी साखळीने एकत्र जखडली तर तिची शक्ती नाहीशी होते. मार्स्टन यांना बांधलेल्या स्त्रीचे चित्र काढून घेण्याची जरा जास्तच हौस होती, हे मान्य करूनही मला हा नियम मार्मिक वाटतो. त्यांच्या कथांत नायिका बांधली जाते ती सुटण्यासाठीच, आणि बहुधा स्वतःच्या हिकमतीने सुटण्यासाठी.

(ती कॉमिक्समधली पहिली नायिका नव्हती, हेही इथेच सांगून टाकतो. तिच्या काही महिने आधी, एप्रिल १९४१ मध्ये, टार्पी मिल्स या स्त्री-चित्रकाराची ‘मिस फ्युरी’ वर्तमानपत्रांतून सुरू झाली होती. आपण स्त्री आहोत हे वाचकांना कळू नये म्हणून मिल्स यांनी आपले ‘जून’ हे पहिले नाव वगळले होते.)

१९४७ मध्ये मार्स्टन वारले आणि त्यानंतरची दोन दशके या मालिकेला फारशी उजळ गेली नाहीत. १९६८ मध्ये लेखक डेनी ओ’नील आणि चित्रकार माइक सेकोव्स्की यांनी तिला काळानुरूप करण्याचे ठरवले. त्यांनी तिची शक्ती, दोर आणि पोशाख सगळे काढून घेतले, तिला पांढऱ्या कपड्यांत कपड्यांचे दुकान चालवायला बसवले आणि एका अंध चिनी गुरूकडून हाणामारीचे शिक्षण दिले. स्वतःच्या मेहनतीवर जगणारी आधुनिक स्त्री दाखवावी, हा हेतू वाईट नव्हता आणि त्यातले काही अंक आजही वाचनीय आहेत. परंतु सुपरमॅन उडत राहिला आणि त्याच प्रकाशनाची एकमेव मोठी नायिका मात्र दुकानाच्या गल्ल्यावर आली, ही विसंगती वाचकांच्या नजरेतून सुटली नाही. लहानपणी तिच्या कथा वाचलेल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या ग्लोरिया स्टायनम यांनी आपल्या ‘मिझ’ या स्त्रीवादी मासिकाच्या जुलै १९७२ च्या मुखपृष्ठावर तिला जुन्या पोशाखात, रस्त्यावरून चाललेल्या महाकाय रूपात आणले आणि वर ‘वंडर वुमनला राष्ट्राध्यक्ष करा’ अशा अर्थाची ओळ छापली.

पुढचा भाग अधिक गमतीदार आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. त्याच वर्षी विज्ञानकथाकार सॅम्युएल डिलेनी यांनी ही मालिका लिहायला घेतली होती. एका दुकानातल्या स्त्री-कामगारांच्या वेतनाच्या लढ्यापासून सुरुवात करून, स्त्रियांनी चालवलेल्या गर्भपात केंद्रावरच्या हल्ल्यापर्यंत कथा न्यायचा त्यांचा बेत होता. जुना पोशाख परत आणायचे ठरताच तो बेत दोन अंकांतच गुंडाळला गेला. १९७३ च्या सुरुवातीच्या अंकात तिची शक्ती परत आली, पण त्याच अंकाच्या आरंभी एका स्त्री-संपादकाला गोळी घालून मारलेले दाखवले आहे, आणि तो टोमणा कोणाला होता याची चर्चा जाणकार अजूनही करतात. म्हणजे स्त्रीवादी मासिकाच्या आग्रहामुळे नायिकेला पोशाख मिळाला आणि तिची सर्वांत उघड स्त्रीवादी कथा अर्धवट राहिली. तरीही लोकांच्या मनात जी वंडर वुमन आहे ती या आग्रहातूनच आलेली आहे. १९७५ मध्ये लिंडा कार्टर यांची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली ती याच पोशाखात, आणि १९८७ मध्ये जॉर्ज पेरेझ यांनी ग्रीक पुराणकथांच्या आधारे तिची कथा नव्याने मांडली तेव्हाही तिच्या शक्तीला कोणी हात लावला नाही. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तिला स्त्री-सक्षमीकरणाची मानद दूत नेमले; तेथील कर्मचाऱ्यांनीच समारंभात पाठ फिरवून निषेध केला आणि दोन महिन्यांच्या आत ते पद संपले. इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या मराठी वाचकाला डायना म्हटल्यावर अॅमेझॉनच्या राजकन्येआधी, म्हणजे वंडर वुमनआधी, वेताळाची डायना पामर आठवते, आणि कथेत संयुक्त राष्ट्रांची नोकरी खरोखर केली ती तिनेच.

बार्बरा गॉर्डन, म्हणजे बॅटगर्ल, हिची गोष्ट वेगळ्या अर्थाने कडवट आहे. १९६७ मध्ये बॅटमॅनच्या दूरचित्रवाणी मालिकेला एक मुलगी हवी होती म्हणून ती आली. १९८८ मध्ये अॅलन मूर आणि ब्रायन बोलंड यांच्या ‘द किलिंग जोक’मध्ये जोकरने तिच्यावर दारातच गोळी झाडली आणि ती कमरेखाली लुळी झाली. चित्रे अप्रतिम आहेत, पण गोळी लागते तिला आणि कथा चालते तिच्या वडिलांच्या व बॅटमॅनच्या दुःखाची. सुपरमॅनला १९९२ मध्ये मारले आणि बॅटमॅनचा कणा १९९३ मध्ये मोडला, तेव्हा त्या कथा त्यांच्या स्वतःच्या होत्या. फरक इथे आहे. गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये पुरुष नायकांच्या कथांना चालना देण्यासाठी मारल्या वा जखमी केल्या गेलेल्या स्त्री-पात्रांची यादी इंटरनेटवर प्रसिद्ध केली, तेव्हा तीत बार्बराचे नाव असणे अपरिहार्यच होते.

तिला वाचवले ते किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक दांपत्याने. तिला अशी सोडून देणे त्यांना पटले नाही. १९८९ मध्ये त्यांनी तिला चाकाच्या खुर्चीत बसून संगणकावरून साऱ्या नायकांना माहिती पुरवणारी ‘ओरॅकल’ केले. पेशाने ग्रंथपाल असलेल्या बार्बराला हे काम इतके शोभले, की पुढची वीसेक वर्षे बॅटगर्लपेक्षा ओरॅकलच अधिक महत्त्वाची ठरली. २०११ मध्ये प्रकाशनाने सगळ्या मालिका नव्याने सुरू करताना बार्बराला पुन्हा पायांवर उभे केले, तेव्हा अपंग वाचकांनी नाराजी व्यक्त केली. आपल्यासारखी दिसणारी एक कर्तबगार स्त्री त्यांच्याकडून काढून घेतली गेली होती. परत मिळालेली शक्तीही कोणाचे तरी नुकसान करू शकते, याचे इतके स्पष्ट उदाहरण कॉमिक्समध्ये मला दुसरे माहीत नाही.

कॅरोल डॅनव्हर्स, म्हणजे आजची कॅप्टन मार्व्हल, हिच्याबद्दल थोडक्यातच लिहितो. १९८० मध्ये ‘अॅव्हेंजर्स’च्या दोनशेव्या अंकात तिच्यावर झालेला अत्याचार प्रेमकथा म्हणून रंगवला गेला आणि इतर नायकांनी तिला हसतमुखाने निरोप दिला. पुढच्याच वर्षी लेखक ख्रिस क्लेरमाँट यांनी एका वार्षिक अंकात ‘रोग’ (Rogue) या नव्या पात्राकडून तिची शक्ती आणि स्मृती हिरावून घेतली, पण त्याच अंकाच्या शेवटी तिच्या तोंडून अॅव्हेंजर्सना खडे बोलही सुनावले. तिला कॅप्टन मार्व्हल हे नाव २०१२ मध्ये केली स्यू डिकॉनिक यांच्या लेखणीतून मिळाले. २०१९ च्या चित्रपटाने शंभर कोटी डॉलरहून अधिक कमावले, तरी कॉमिक्समध्ये ती पहिल्या पंक्तीत येते असे मी म्हणणार नाही. तिच्या नावावर संस्मरणीय पुनरागमने आहेत, पण संस्मरणीय कथा कमी आहेत. सुपरगर्ल आणि ब्लॅक विडो यांच्याबद्दल माझे मत साधारण हेच आहे.

माझ्या मते पहिला मान वारा-पाऊस हुकमात ठेवणाऱ्या स्टॉर्मचा. १९७५ मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी ‘एक्स-मेन’च्या नव्या संघात तिला आणले. कैरोत अनाथ झालेली, चोरी करून जगलेली आणि केनियात देवी म्हणून पूजली गेलेली ही ओरोरो मन्रो सुरुवातीला जरा जास्तच भारदस्त बोलायची. क्लेरमाँट यांनी तिला हळूहळू माणसात आणले. १९८३ मध्ये तिने केस कापून चामड्याचे कपडे घातले, तेव्हा तिच्याबरोबर वाचकही दचकले. १९८४ मध्ये दुसऱ्या कोणावर रोखलेल्या शस्त्राने तिची सगळी शक्ती गेली. पुढच्याच अंकात, बॅरी विंडसर-स्मिथ यांच्या चित्रांत, वाऱ्यावर आरूढ होणारी ही स्त्री अंथरुणात पडून आहे, पावसाशी आणि आभाळाशी असलेले तिचे नाते तुटले आहे, आणि तिची शुश्रूषा करणाऱ्या फोर्जवर तिचे मन बसते. ते शस्त्र त्यानेच बनवले होते, हे तिला नंतर कळते. त्या अंकात मारामारी जवळपास नाही. दोन माणसे एका घरात बोलत आहेत, एवढाच तो अंक आहे.

तिची शक्ती परत मिळवून देण्याची घाई क्लेरमाँट यांनी केली नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. १९८६ च्या सुरुवातीला, २०१ व्या अंकात, नेतृत्वासाठी सायक्लॉप्सशी तिचे द्वंद्व होते. त्याच्या डोळ्यांत किरण आहेत, तिच्याकडे काहीच नाही, आणि ती जिंकते. त्या काळात ‘एक्स-मेन’ अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या मालिकांत होती, त्यामुळे शक्ती नसलेली एक कृष्णवर्णीय स्त्री तिचे नेतृत्व करते आहे हे दृश्य फार मोठ्या वाचकवर्गाने महिन्यामागून महिने पाहिले. शक्ती परतली ती १९८८ मध्ये. वंडर वुमनला शक्ती परत मिळवून द्यायला बाहेरच्या मासिकाला हस्तक्षेप करावा लागला. स्टॉर्मचे सामर्थ्य मात्र कथेतच, शक्तीशिवाय सिद्ध झाले.

नव्या पिढीत कमला खान, म्हणजे मिझ मार्व्हल, हिला तोड नाही. जर्सी सिटीत राहणाऱ्या पाकिस्तानी-अमेरिकन मुस्लिम कुटुंबातली ही मुलगी संपादक सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन आणि चित्रकार एड्रियन अल्फोना यांनी उभी केली. २०१४ चा तिचा पहिला अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला आणि पहिल्या संग्रहाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. शक्ती मिळताच ती नकळत सोनेरी केसांची कॅरोल होते आणि मग ते रूप तिला कसे टोचते, हे विल्सन यांनी फार बारकाईने लिहिले आहे. तिच्या वाट्याला हे काढून घेणे येणार नाही असे मला वाटत होते, पण २०२३ मध्ये तिला मारण्यात आले, आणि तेही तिच्या स्वतःच्या नव्हे, स्पायडर-मॅनच्या मालिकेत. दोनेक महिन्यांत ‘एक्स-मेन’ने तिला जिवंत करून आपल्यात घेतले. तो मृत्यू वाचकांना रुचला नाही, आणि मला तर तो चाळीस वर्षांपूर्वीच्या सवयीचाच भाग वाटला.

ज्यांनी यातले काहीच वाचलेले नाही त्यांनी ‘अनकॅनी एक्स-मेन’चा १८६ वा अंक आधी वाचावा आणि मग २०१ वा. वंडर वुमनसाठी पेरेझ यांचे १९८७ पासूनचे अंक सोयीचे आहेत. पांढऱ्या कपड्यांतल्या वंडर वुमनचेही संग्रह निघालेले आहेत, पण ते दुसऱ्यांदा वळाल तेव्हासाठी ठेवावेत.