युनियनच्या ऑफिसात आज
आज फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर भोसरीतल्या आमच्या युनियन ऑफिसात बोनसची नाही, बिडी-सिगरेट सोडण्याची मीटिंग होती. पंचवीस-तीस जण आले. मला एवढ्यांची अपेक्षा नव्हती, खरं सांगते.

डॉक्टरांनी आणलेल्या छोट्या मशीनमध्ये एकेकाने श्वास रोखून मग फुंकायचं. फुप्फुसात कार्बन मोनॉक्साइड किती, ते आकड्यात दिसतं. पेंटशॉपमधले आमचे काका, वीस वर्षं बिडी, त्यांचा आकडा 24 आला. कितीतरी वेळ ते स्क्रीनकडेच बघत बसले. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस ओढू नका, हाच आकडा उतरलेला दिसेल." काकांनी खिशातलं बंडल काढून टेबलावर ठेवलं. काडेपेटीसुद्धा.

कंपनीतल्या नोटीस बोर्डावर 'धूम्रपान केल्यास दंड' असं वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. त्याने कुणाची सुटली नाही. इथे मात्र बोलावणारा आपलाच माणूस होता, पगारवाढीसाठी आपल्याबरोबर गेटवर बसलेला. म्हणून लोक मोकळं बोलले. नाइट शिफ्टला झोप येते म्हणून ओढतो, ब्रेक फक्त ओढणाऱ्यालाच मिळतो म्हणून लागली... हे सुपरवायझरसमोर कोण बोलेल?

निकोटिन गमचा (तलफ आली की चघळायच्या गोळीचा) खर्च वेल्फेअर फंडातून करायचं ठरलं. तलफ चार-पाच मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ सोबत राहायला जोड्या लावल्यात. व्यसन सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन 1800-11-2356, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

काकांच्या जोडीला मी आहे. आत्ताच त्यांचा फोन येऊन गेला. जेवण झालंय, बडीशेप चघळतायत.